भुजाबाने न उतरवलेलं मोहोळ

एका जंगलात, बाळांनो, एक अस्वल राहत होतं. नाव भुजाबा. बायको सारजा, लेक ठकू. चौथी साखर. ती मागून आली, पण घरात लाड तिचेच जास्त झाले.

आधी भुजाबा मध खायचा. उंच झाडावर चढायचं, माश्यांचे डंख सोसायचे, तेव्हा कुठे पंजाभर मध. तोही महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. मग कोल्ह्याने दुकान थाटलं.

"काका, पांढरीशुभ्र साखर! झाड नको, डंख नको."

भुजाबाला पटलं. अस्वलच ते, पटायला कितीसा वेळ लागणार?

मग चहात साखर, भाकरीवर साखर. उसाच्या रसातही वरून चिमूटभर, सपक लागतो म्हणून.

पोट सुटलं. दात किडून एकेक गळाले. तहान इतकी, की ओढ्याचे मासे त्याला बघून घाबरायचे. पायाची जखम भरेना. बगळा वैद्य म्हणाला, "भुजाबा, साखर बंद!"

"बंद तर बंद! सारजे, वैद्यबुवांचं तोंड गोड कर गं. आणि माझंही."

सारजाच्या जिवाला मात्र घोर. ठकू लग्नाची झालेली. अस्वलांची रीत अशी, की मुलीच्या बापाने पाहुण्यांदेखत मोहोळ उतरवायचं आणि व्याह्याला मध भरवायचा. नाही जमलं, तर पाहुणे पाणीही न पिता परत.

"अहो, रोज थोडं चढून बघा ना."

"चढतो की. आधी अंगात ताकद यायला चार चमचे दे."

पाहुणे आले. भुजाबाने खोडाला मिठी मारायला हात पसरले. पोट पोचलं, हात काही पोचेनात. वीतभर चढला आणि धप्पकन खाली.

"झालं माझं लग्न!" म्हणून ठकूने तोंड फिरवलं.

व्याही उठला. सारजाला वाटलं, निघाला. पण तो धापा टाकत झाडापाशी आला आणि खोडाला टेकला.

"व्याही, मला फांदीला हात लावून चार वर्षं झाली." त्याने आ केला. आत एकही दात नाही.

"साखर?" भुजाबाने हळूच विचारलं.

"मग काय!"

"कोल्ह्याचीच ना?"

"दुसरी आमच्याकडे चालत नाही."

दोघे गळ्यात पडायला गेले, तर पोटं आड आली. तिथल्या तिथे रीत बदलली. मोहोळाऐवजी साखरेचं पोतं फोडायचं ठरलं. पोतं कोल्ह्याने आहेरात दिलं. मोठ्या मनाचा तो!

लग्न थाटात झालं. वर्षाच्या आत ठकूला मुलगा झाला. दात यायच्या आधीच दोन्ही आजोबांनी त्याच्या जिभेवर साखर ठेवली. त्याने मिटक्या मारल्या, आणि सारजाने भरल्या डोळ्यांनी देवाला हात जोडले. घराण्याचं नाव राखणारा आला होता.

तात्पर्य: साखर सोडत बसू नये, साखर न सोडणारे सोयरे शोधावेत. आपलं दुखणं सगळ्यांना झालं, की त्याला औषध लागत नाही.