उपाशी मिशाळराव

दातांच्या दवाखान्यात बावीस वर्षं काढलेल्या कंपाउंडरला एकाच गोष्टीची घमेंड होती: त्याच्यापुढे भलेभले तोंड उघडतात. तीन वर्षांची पोरं काय नि निवृत्त फौजदार काय, सगळे निमूट आ करतात. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या टाकीत एक मिशीवाला मासा सोडला आणि "हा फार बुजरा आहे, याचं खाणंपिणं तुमच्याकडे. याला काही होता कामा नये हं," असं बजावलं, तेव्हा गडी नुसता हसला.

मिशाळराव जे मातीच्या नळकांड्यात शिरले ते शिरलेच. बाहेर फक्त दोन मिशा. दाणे टाकले, ते टाकीतल्या आधीच्या चिमुकल्या निळ्या माशांनी फस्त केले. कोळंबी टाकली, तीही त्यांनीच पळवली. आठवडा झाला तरी पाहुणे अन्नाला शिवेनात. कंपाउंडर दर तासाला टाकीत डोकावू लागला. बाई बोलायला गोड, पण आधीच्या रिसेप्शनिस्टला त्यांनी एका सुकलेल्या कुंडीपायी याच गोड आवाजात घरी बसवलं होतं.

शेवटी त्याने दवाखान्याची विद्या काढली. टाकीवर टॉवेल टाकून अंधार केला, लांब चिमट्यात कोळंबी धरली आणि नळकांड्याशी वाकून मायेनं म्हणाला, "घाबरायचं नाही. जरा आ करा. अजिबात दुखणार नाही."

मागे बाकावर बसलेल्या आजोबांनी मुकाट्याने आ केला. मिशाळरावांनी केला नाही. आजोबांनी मग चिमट्याच्या टोकाला काय आहे ते पाहिलं, दाढ दुखायची आपोआप थांबली म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

त्यात आणखी एक लचांड. निळे मासे बाराचे नऊ झाले. फिल्टरने ओढले असणार! बाईंना कळायच्या आत कंपाउंडरने दुकानातून तीन आणून सोडले. दोन दिवसांनी चार आणले. फिल्टरला जाळी बांधली, तरी गळती थांबेना. दुकानदार आता त्याला लांबून बघूनच पिशवीत पाणी भरायला घ्यायचा. घरी याला घास गोड लागेना. बायको म्हणाली, माझ्या आजारपणात एवढी काळजी केली नव्हतीत.

महिन्याने त्याने दुकानदारापुढे मन मोकळं केलं. दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतलं.

"उपाशी कुठला हो? दिवे मालवले की तो जेवायला निघतो. आणि तुम्ही दर दोन दिवसांनी ताजं ताट वाढताय."

कंपाउंडर पाच माशांची पिशवी घेऊन तडक दवाखान्यात आला. आता सगळं कबूल करायचं, मग होईल ते होईल. पाहतो तर बाई टाकीपुढे उकिडव्या बसलेल्या आणि मिशाळराव चक्क बाहेर. नळकांड्यात मावतच नव्हते, जातील कुठे बिचारे.

"महिनाभर याला मी कधी अन्नाला शिवताना पाहिलं नाही, तरी केवढं अंग धरलंय बघा!" बाई गहिवरून म्हणाल्या. "नुसत्या मायेवर वाढलाय हो. तुमच्यासारखा माणूस मिळायचा नाही. म्हणून आज असेच आणखी दोघे मागवलेत."

कंपाउंडरने आ केला. मग तोंड मिटलं आणि हातातली पिशवी टाकीत रिकामी केली.