परत केलेली घंटा

एका जंगलात, बाळांनो, ओढ्याच्या दोन काठांवर दोन कॉलेजं होती. एक सायाळांचं, एक रानडुकरांचं. दरवर्षी त्यांचा फुटबॉलचा सामना व्हायचा. सायाळांचे काटे लागून आठ-दहा चेंडू फुटायचे, पण सामना थांबायचा नाही.

जिंकणारे हरणाऱ्यांच्या कॉलेजची घंटा उचलून न्यायचे. ती परत हवी तर जिंकायचं. डुकरं सात वर्षं हरत होती. त्यामुळे तिकडे तास सुरू झाला की संपायचाच नाही. एक मास्तर सात वर्षं एकच त्रिकोण शिकवत होते.

सखोबा सायाळ हा इकडचा घंटा वाजवणारा शिपाई. भुजाबा डुक्कर तिकडचा. बिचारा भुजाबा वर्षभर नुसती हातोडी धरून बसायचा. सामन्याच्या दिवशी मात्र तो ओढा ओलांडून यायचा आणि सखोबाला पोटभर शिव्या द्यायचा. म्हाताऱ्या सखोबाकडे दुसरं कोणी येतच नसे.

एका माकडाने या सामन्यांचा मोबाइल गेम केला. त्यात वैराचा एक आकडा होता, कायम शंभर.

खेळणारे कुरकुरले, "वैर म्हणजे काय दगड आहे? ते वाढलं पाहिजे, आटलं पाहिजे!"

माकडाने सुधारणा केली. एकच बाजू जिंकत राहिली की आकडा उतरणार. शून्यावर आला की सामना रद्द.

पुढे दोन्ही प्राचार्य खरं वेळापत्रकही गेममधूनच उतरवून घेऊ लागले. तेवढाच विचार करायचा त्रास वाचला.

आकडा उतरत उतरत चारवर आला. सखोबा काळजीत पडला. सामना गेला, तर भुजाबा कशाला येईल? त्याला वाटलं, डुकरांकडे गमवायला काही उरलं नाही, म्हणून ती जीव तोडून खेळत नाहीत. एका दुपारी त्याने डुकरांची जिंकलेली घंटा चिंचेने घासली, चकचकीत केली आणि गुपचूप डुकरांच्या दारात ठेवून आला.

माकडाने नोंद केली. घंटा परत. म्हणजे मैत्री. आकडा शून्य. सामना रद्द.

सखोबा दाराशी बसला होता, तेवढ्यात ओढ्यात धपाधप पाणी उडालं. भुजाबाने तोंडातली घंटा त्याच्यापुढे टाकली.

"ए खराट्या! दया करतोस आमच्यावर?"

"अरे, तुम्हाला बरं वाटावं म्हणून..."

"बरं? सात वर्षं हरलो, पण कुणाच्या बापाने आमची कीव केली नव्हती! आमची पोरं तिकडे भिंतींना धडका देतायत!"

माकडाच्या मोबाइलवर आकडा शंभर झाला, तीनशे झाला, नऊशे झाला. मग पडदाच काळा पडला. प्राचार्यांना नाइलाजाने स्वतः ठरवावं लागलं. सामना झाला.

डुकरं आठव्यांदा हरली. बारा-शून्य.

भुजाबाने तीच घंटा उचलून पुन्हा सखोबाच्या पायाशी आदळली.

"पुढच्या वर्षी बघतोच तुला!"

"बघ हो," सखोबा म्हणाला. "फक्त जरा लवकर ये. चहा निवतो."

तात्पर्य: शेजाऱ्याशी असलेलं वैर आटू लागलं, तर घाबरू नये. त्याच्यावर एकदा मनापासून उपकार करावा. पिढ्यान्‌पिढ्या पुरतो.