काष्ठकुटीतल्या पाहुण्यांची संपूर्ण माहिती

माणसाला विश्रांतीसाठी एकांत लागतो, आणि एकांत देण्याआधी तो माणूस कोण आहे हे देणाऱ्याला नीट माहीत असावं लागतं. यातली पहिली गोष्ट जगभर मान्य आहे. दुसरी परभणी जिल्ह्यात शोधून काढण्यात आली, हे फारसं कुणाला ठाऊक नाही.

गंगाखेडहून राणीसावरगावकडे जाताना आडबाजूला, डोंगराच्या पायथ्याशी एक पाझर तलाव आहे. त्याच्या काठावर 'गोदाकाठ ग्रामीण पर्यटन सहकारी संस्थे'चं विश्रामधाम १९८७ च्या उन्हाळ्यात सुरू झालं. (गोदावरी इथून बरीच लांब आहे, पण संस्थेची नोंदणी आधी झाली आणि जागा नंतर मिळाली.) संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब अकरा संचालकांना घेऊन उसाचा अभ्यास करायला केरळात गेले होते. केरळात ऊस फारसा नसतो, हे तिथे पोचल्यावर समजलं. दौरा वाया जाऊ नये म्हणून मंडळींनी नारळाच्या बनातल्या एका लाकडी विश्रामगृहाचा चार दिवस राहून सखोल अभ्यास केला. उतरती छपरं, कोरीव खांब, मधोमध चौक. तिथल्या माहितीपत्रकात 'उष्ण कटिबंधातील निवांत निवास' असे शब्द होते. परत आल्यावर आबासाहेबांनी नातवाच्या भूगोलाच्या पुस्तकात पाहून घेतलं, तर परभणीही उष्ण कटिबंधातच निघाली. नुसत्या उष्णतेचा विचार केला तर ती केरळाच्या पुष्कळ पुढे होती. मग अडचण अशी उरलीच नाही.

तीन काष्ठकुट्या उभ्या राहिल्या. अस्सल सागवान, लोखंडाचा एक खिळा नाही, सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे. छपराचा उतार वर्षाला एकशे वीस इंच पाऊस वाहून जाईल असा ठेवला होता. म्हणजे छपराच्या बाजूने पूर्ण तयारी होती. नारळाची चाळीस रोपं लावली, त्यांतली तीन जगली आणि गुडघ्यापर्यंत आली. तलाव वैशाखात आटत असल्याने 'जलदर्शनी व्हरांड्या'तून भेगाळलेली माती आणि तिच्यावर फिरणाऱ्या शेळ्या दिसत. फाटकावरच्या पाटीवर 'विश्रामधाम' एवढंच रंगवलं होतं आणि त्याच्या अलीकडे हातभर जागा मोकळी होती. कुणाचं नाव द्यायचं याचे दोन ठराव आले होते. पण ती वर्षंच अशी होती की मराठवाड्यात कशालाही नाव द्यायचा विषय निघाला की पोलिसांची गाडी येऊन उभी राहायची. तेव्हा मोकळी जागा सर्वांच्या हिताची ठरली.

संस्थेच्या हातून चूक झाली ती एकच. परभणीच्या एका प्रदर्शनात तिने सोडत काढली: एका कुटुंबाला दोन रात्रींचा मोफत मुक्काम. चिठ्ठ्यांवर नुसते नंबर होते, नावं नव्हती. म्हणजे पत्र्याच्या डब्यात हात घालून, न बघता, कुणालाही घरी बोलावलं गेलं. आपल्याकडे पाहुणे असे बोलावत नाहीत.

नंबर लागला तो कुसुमच्या नवऱ्याचा. सूर्यभान ताडकळसकर हा परभणीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत असे. कुसुम बी. ए. झालेली होती, आणि अकरा महिन्यांच्या चिमीच्या बाबतीत ती डॉक्टरांच्या एक पाऊल पुढे असे. चिमी नुकतीच हगवणीतून उठली होती. डॉक्टरांनी सांगितलेलं कुसुमने कागदावर लिहून घेऊन तो कागद पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला होता: पाणी उकळूनच, दुधाची बाटली प्रत्येक वेळी उकळून, आणि सहा तासांत लंगोट ओला झाला नाही तर वाट न बघता दवाखाना. तिने बरोबर थर्मास, जलसंजीवनीची नऊ पाकिटं आणि चोवीस लंगोट घेतले. स्टोव्ह घेतला नाही, कारण एस.टी.त रॉकेल चालत नाही आणि कुपनावर 'सर्व सोयी' असं छापलेलं होतं. छापलेल्या अक्षरावर विश्वास ठेवायची सवय तिला कॉलेजात लागली होती.

फाट्यावर उतरून दोन मैल चालत ती तिघं पोचली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. थर्मास वाटेतच संपला होता. चिमीचा शेवटचा ओला लंगोट सकाळी दहाचा. कुसुमने घड्याळ पाहिलं आणि चार ही वेळ मनात नोंदवून ठेवली. परत जाणारी शेवटची गाडी फाट्यावरून पाचला होती.

व्यवस्थापक माणिकराव हे माणूस म्हणून फार चांगले. त्यांनी सावलीत खुर्च्या टाकल्या, लेकराकडे बघून हळहळले आणि नोंदवही उघडली. तिच्यात सात रकाने होते. नाव, गाव, धंदा, वय वगैरे सहा रकाने पाच मिनिटांत भरले. सातव्याचं शीर्षक होतं 'इतर माहिती'. तो भरल्याशिवाय व्यवस्थापकांची सही होत नसे आणि सही झाल्याशिवाय पाहुण्यांची वस्तू स्वयंपाकघरात जात नसे. जात हा शब्द नोंदवहीत कुठेही नव्हता. संस्था पुरोगामी होती. तिच्या उद्दिष्टांत तसं पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. त्यामुळे जात कुणाला विचारता येत नसे. फक्त माहीत असावी लागे.

आता 'ताडकळसकर' हे आडनाव अशा कामाला अगदी कुचकामी. त्यातून गाव कळतं, आळी कळत नाही. गावातला कुणीही उठून ते लावू शकतो आणि कायद्याने त्याला अडवता येत नाही. माणिकरावांचं पेन रकान्यावर जरा वेळ घुटमळलं.

"ताडकळसला आमचं लय येणं-जाणं हाय," ते म्हणाले. "तुमचं घर कुणीकडं आलं? वेशीच्या आत का भाईर?"

"बसस्टँडजवळ," सूर्यभान म्हणाला.

बसस्टँड ही सरकारी बाब आहे. ती जुन्या जाणत्या माणसांना न विचारता कुठेही बांधली जाते, त्यामुळे तिच्याजवळ राहणाऱ्यांविषयी काहीच सांगता येत नाही.

इथून पुढे जे झालं ते एका शास्त्रशुद्ध पद्धतीने झालं. माणिकरावांनी कुसुमचं माहेर विचारलं. ते नांदेड निघालं, म्हणजे शहर, म्हणजे वाया. कुलदैवत विचारलं, तर सूर्यभान म्हणाला की आई गेल्यापासून त्यातलं कुणाला फारसं कळत नाही. जेवणात अंडं चालेल का, असं विचारून झालं, चालेल म्हणाले. (याने काही सिद्ध होत नाही. १९८७ सालापर्यंत अंडं सर्वांनाच चालू लागलं होतं, काहींना घराबाहेर.) आल्या आल्या सूर्यभानने 'नमस्कार' केला होता, आणि नमस्कार हा शिक्षकांनी काढलेला असा प्रकार आहे की त्यातून हात जोडले एवढंच समजतं. स्वयंपाकीण बायनाबाई पाणी शिंपडायच्या निमित्ताने येऊन कुसुमचं मंगळसूत्र बघून गेली. ते बाजारात तयार मिळणाऱ्या नमुन्याचं होतं. माणिकरावांच्या अनुभवाप्रमाणे शंभरातले साठ पाहुणे गावातच कळतात, पंचवीस माहेरात, दहा देवात आणि चार मंगळसूत्रात. उरलेल्या एकासाठी कुठलीही तरतूद नव्हती.

तरीही त्या वर्षांत मराठवाड्यात एक प्रश्न असा सापडला होता की बाकीचे सगळे थकले तिथे तो एकटा काम करायचा. माणिकरावांनी तो राखून ठेवला होता.

"सर, तुमी कॉलेजात शिकवता म्हंजी विद्यापीठातलेच की," ते सहज बोलल्यासारखं म्हणाले. "मंग काय वाटतंय तुमाला, नाव बदलावं का न्हाई?"

सूर्यभानने चष्मा पुसला.

"निकाल वेळेवर लागावेत," तो म्हणाला.

माणिकरावांनी नोंदवही मिटली आणि ते माहिती घेऊन येतो म्हणून आत गेले. आत कुणीच नव्हतं. ते स्वतःशीच विचारविनिमय करत होते.

अडीच वाजले. कुटीत माठ होता, आणि तो पाहुणे यायच्या आधी भरलेला असल्याने त्यात पाणीही होतं, पण कच्चं. कुसुम बाटली घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली, कारण उंबऱ्याच्या आत पाटी होती: 'स्वच्छतेच्या कारणास्तव नोंदणीकृत व्यक्तींनाच प्रवेश.' तिने बायनाबाईला नुसतं पाणी उकळून मागितलं. पाणी वरून ओतून देता येईल, असं बायनाबाई म्हणाली. तेवढं नियमात बसत होतं. पण बाटली उकळायची म्हणजे बाहेरची वस्तू आतल्या पातेल्यात बुडणार. "माझं काई न्हाई ताई," ती म्हणाली. "पण ह्या पातेल्यात आबासायबाचं वरण असतंय." आणि तिने डोळे पुसले. धूर पुष्कळ होता.

कुसुम परत आली. सूर्यभान चिमीला मांडीवर घेऊन वर्तमानपत्राने वारा घालत होता. पोरीचे ओठ सुकले होते आणि ती रडायचं सोडून नुसती बघत होती. कुसुमला तिचं रडणं चालत असे; बघणं चालत नसे. तिने टाळूवर बोट ठेवलं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती जागेवर यायला किती वेळ लागतो ते मोजलं.

"सांगून टाकू का?" सूर्यभान हळूच म्हणाला.

"त्यांनी विचारलंय का?"

"मगापासून तेच तर विचारायलेत."

"मग तोंडानं विचारू द्या."

हट्ट म्हणून ती बोलली नव्हती. तिने दोन्ही बाजूंनी विचार केला होता. सांगितलं आणि दार बंद झालं, तर निदान काय झालं ते कळलं असतं. पण सांगितलं आणि दार उघडलं, तर चिमीची बाटली कशामुळे उकळली हे तिला जन्मभर माहीत राहिलं असतं. शिवाय अठ्ठ्याहत्तर साली, ती कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना, खेड्यापाड्यांतून घरं जळाली तेव्हा घर कुणाचं हे आधी विचारलं जाई आणि मग पुढचं ठरे. हे तिने ऐकलं होतं की पाहिलं होतं, ते इथे नोंदवण्याचं कारण नाही.

तीनला ती उठली. व्हरांड्याच्या फळ्यांखाली सुतारांच्या ढलप्या पडल्या होत्या, खडखडीत वाळलेल्या. तिने ओंजळी-ओंजळीने त्या काढल्या. तीन दगड आणले. पोळ्यांचा स्टीलचा डबा रिकामा केला आणि माठातल्या पाण्याने भरला. सूर्यभानने सिगारेट सोडल्याला वर्ष झालं होतं. काडेपेटी मात्र त्याच्या खिशात निघाली. त्याविषयी नंतर बोलायचं ठरलं. बाहेर डोकं फुटेल असं ऊन होतं म्हणून तिने चूल सावलीत मांडली, म्हणजे छपराखाली, कोरीव खांबापासून दीड हातावर. यात निषेध वगैरे काही नव्हता. सावली तेवढीच होती.

धूर पहिल्या खांबाला वळसा घालून वर गेला आणि माणिकराव पळत आले.

"ताई, सागवान हाय हे."

"मग चूल कुठं आहे ते दाखवा," कुसुम म्हणाली. तिने मान वर केली नाही. ती ढलपी पुढे सारत होती.

संस्थेच्या इतिहासात व्यवस्थापकावर इतका बिकट प्रसंग पुन्हा आला नाही. एकीकडे केरळी सुतारांनी सात महिने कोरलेलं लाकूड, दुसरीकडे आतलं पातेलं. दोन्ही एकदम वाचायला हवी होती आणि आबासाहेब परभणीत होते. माणिकरावांनी दोन मिनिटं डोळे मिटले. मग त्यांनी जो तोडगा काढला तो पुढे इतर संस्थांनीही अभ्यासावा इतका निर्दोष होता. बायनाबाईने आतून जादा पडलेला स्टोव्ह आणून अंगणात ठेवला, त्यावर एक कोरं करकरीत ॲल्युमिनियमचं पातेलं, आणि सगळ्याला आडोसा म्हणून दोन बाजूंनी खाटा उभ्या केल्या. स्टोव्ह पाहुण्यांचा, पातेलं पाहुण्यांचं, पेलाही पाहुण्यांचा वेगळा. माणिकरावांनी याला 'स्वतंत्र सोय' असं नाव दिलं आणि इतर ठिकाणी पाहुण्यांना सगळ्यांबरोबर एकाच भांड्यातलं घ्यावं लागतं, इथे तसं नाही, असंही समजावून सांगितलं.

कुसुमने घड्याळ लावून दहा मिनिटं बाटली उकळली. मग पाणी. मग ते निवेपर्यंत बशीतून बशीत. चार वाजायला बारा मिनिटं असताना चिमीने पहिला घोट घेतला, खोकली, आणि बाटली दोन्ही हातांनी धरली. चार वाजले. सव्वाचार वाजले. सूर्यभानने पिशव्या भरून ठेवल्या होत्या आणि पाचच्या गाडीसाठी चपलाही घातल्या होत्या. चार वाजून सत्तावीस मिनिटांनी लंगोट ओला झाला, नुसता ओला नव्हे, कुसुमच्या साडीपर्यंत. ती तशीच बसून राहिली. तिला हात हलवावासा वाटला नाही.

दोन्ही रात्री ती तिघं तिथे राहिली. हवा चांगली होती, लाकडाला वास छान येत होता. निघताना कुसुम पातेलं घासून पुसून परत द्यायला गेली, तर बायनाबाई दोन पावलं मागे सरून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई, लेकराला झालं." ती मायेने मागे सरली की कसं, यावर कुसुमने फाट्यापर्यंतचे दोन मैल विचार केला आणि पातेलं कडेवरच्या पोरीच्या दुसऱ्या बाजूला धरून गाडीत चढली.

संस्थेच्या त्या वर्षीच्या अहवालात 'पाहुण्यांना विनाभेदभाव स्वतंत्र सोय दिली, तक्रार शून्य' असं छापून आलं आहे. रकाना सात मात्र कोराच राहिला, आणि माणिकराव तो विषय निघाला की अजून अस्वस्थ होतात.

वाचक सुशिक्षित आहेत. इथपर्यंत वाचत येताना त्यांनी कुठेही तसा प्रश्न विचारलेला नाही, हे मान्य करायलाच हवं. त्यांनी फक्त बसस्टँड, नांदेड, अंडं, विद्यापीठ आणि अठ्ठ्याहत्तर साल एकापुढे एक मांडून पाहिलं आणि मनातल्या मनात एक अंदाज बांधला. माणिकरावांनीही याहून जास्त काही केलं नव्हतं.