अंबूबाईंच्या गोठ्याच्या साहाय्यार्थ

समाजसेवेला पैसा मिळतो, माणसं मिळतात, ओळख काढली तर हॉलही फुकट मिळतो. मिळत नाही तो गरजू. दिसायला बरा, संध्याकाळी मोकळा, चारचौघांत गप्प बसणारा आणि बसच्या टप्प्यात राहणारा गरजू लाभायला संस्थेची पुण्याई लागते. राजारामपुरीतल्या स्वरसेवा समूहगान मंडळाची तेवढी पुण्याई होती, म्हणून त्यांना कसबा बावड्याच्या अंबूबाई मिळाल्या.

मंडळ स्थापन झालं ते बहात्तरच्या दुष्काळात, आणि दुष्काळात त्यानं चांगलं बाळसं धरलं. सभासद चौतीस. पुरुषांच्या बाजूला तीन बँका, दोन कॉलेजं आणि जिल्हा परिषद यांचं प्रतिनिधित्व होतं. सुराचं प्रतिनिधित्व एकटे तबलजी करत. दिवाळी झाली की मंडळाचा हंगाम सुरू व्हायचा आणि मृगाच्या आसपास संपायचा. (उसाचा हंगामही साधारण तेव्हाच असतो. पण त्यातून रस निघतो.) हंगामातला प्रत्येक कार्यक्रम कुणाच्या ना कुणाच्या साहाय्यार्थ असे. एका वर्षी दुष्काळग्रस्त, पुढं पूरग्रस्त, मग आगग्रस्त. तिकीट काढून गाणं ऐकायला कुणी आलं नसतं, पण दुःखितांसाठी तास-दीड तास सोसायला कोल्हापूरचा माणूस मागं हटत नाही.

ज्या सालची ही गोष्ट, त्या साली मात्र पंचगंगेनं दगा दिला. पूर आला नाही. पिकं वेळेवर आली, आग कुठं लागली नाही. मंडळाचे चिटणीस बाळासो मगदूम विमा कचेरीत हेडक्लार्क होते. आपत्तीशी त्यांचा रोजचा संबंध. तरी त्यांच्याही हाती काही लागेना. हंगामाची पत्रकं छापून आली होती आणि त्यावर 'यांच्या साहाय्यार्थ'च्या आधी चार बोटं जागा कोरी होती. बाळासोंना जेवण गोड लागेना.

अशात एका सकाळी त्यांच्या दारात दूध उशिरा आलं. अंबूबाई बावड्याहून रोज सकाळ-संध्याकाळ राजारामपुरीत रतीब घालायच्या. पन्नाशीची बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेकी सासरी. घरात त्या आणि एक म्हस.

"उशीर झाला की वो साहेब," त्या म्हणाल्या. "रातच्याला उसाचा ट्रक मागं घेताना थेट गोठ्यावर गेला. भिताड पडलं, पत्रं चेपली. ट्रकवाला पळाला. म्हस वाचली ही आंबाबाईची किरपा. गाभण हाय वो. मिरगाच्या आदी आडोसा झाला न्हाई तर रेडकू जगायचं न्हाई."

बाळासोंच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. तो त्यांनी लगेच आवरला आणि त्या जागी हळहळ आणली, पण तोवर अंबूबाईंनी पाहिलं होतं. त्यांना वाटलं, म्हस वाचली म्हणून साहेबांना बरं वाटलं. देवमाणूस.

"अंबूबाई," बाळासो म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका. गोठा मंडळ बांधेल."

त्याच संध्याकाळी ठराव झाला आणि पत्रकावरची कोरी जागा भरली. अंबूबाईंचं काम सोपं होतं. कार्यक्रमाच्या वेळी रंगमंचाच्या डाव्या अंगाला खुर्चीत बसायचं आणि मध्यंतराआधी भाषणात नाव आलं की उठून नमस्कार करायचा.

पहिल्या कार्यक्रमाला त्या लेकीच्या लग्नातलं हिरवं इरकल नेसून, आंबाडा घालून आल्या. मंडळाच्या संचालिका शालूबाई सरनोबत (मुलींच्या शाळेत तीस वर्षं संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, निवृत्तीनंतर शाळेचा निकाल सुधारला) त्यांच्याकडं पाहतच राहिल्या.

"अहो, ह्या लुगड्यात तुम्ही माझ्यापेक्षा बऱ्या दिसताय. हे चालणार नाही."

अंबूबाईंकडं फाटकं लुगडं नव्हतं. फाटलं की त्या शिवायच्या, आणि शिवण्यापलीकडं गेलं की त्याची वाकळ करायच्या. शेवटी फाटक्या लुगड्यासाठी तिथल्या तिथं महिला सभासदांची उपसमिती नेमावी लागली. उपसमितीनं एक चांगलं जुनेर मिळवलं, ते दर्शनी बाजूला फाडलं, आणि फाटलेलं आणखी फाटू नये म्हणून कडेनं बारीक टीप मारून घेतली. कार्यकर्त्यांची अशी तळमळ आता कुठं पाहायला मिळते?

मध्यंतराआधी बाळासो माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आज आपल्यामध्ये एक निराधार अबला बसली आहे." अंबूबाईंनी वळून मागं पाहिलं. मागं पडदाच होता. मग सगळ्या हॉलचे डोळे आपल्यावर आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि नमस्काराला उचललेले हात तोंडावर गेले. लोकांना वाटलं हुंदका आला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

हंगाम रंगला. एका बँकेचं स्नेहसंमेलन झालं, लेडीज क्लबचं हळदीकुंकू झालं, दोन शाळा झाल्या. उत्पन्नातून मंडप, लाउडस्पीकर, पेटीची दुरुस्ती, सभासदांचं चहापान आणि पाहुण्यांचे हार वजा जाता जे उरायचं, त्यातून लाभार्थीचा सत्कार व्हायचा. दर कार्यक्रमाला अंबूबाईंना एक शाल आणि एक नारळ मिळे. पौषात उघड्यावर बांधलेली म्हस थंडीनं कुडकुडायला लागली, तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवर तीन शाली घातल्या. बावड्यात सकाळी फिरायला जाणारे लोक तिला वाट देऊ लागले.

कार्यक्रम संध्याकाळचे, आणि म्हशीची धार काढायची वेळही तीच. शेजारच्या ख्वाजा मिस्त्रींची बायको कुलसुम धार काढून द्यायची, पण घरोघर दूध पोचवणार कोण? रतीब तुटायला लागले. सात घरं गेली, मग आणखी चार. बाळासोंच्या घरीसुद्धा दुसरा गवळी लागला. (त्यांचा नाइलाज होता. अंबूबाई वेळेवर येत नसत.) अशा रीतीनं मंडळ मदत करू लागल्यापासून अंबूबाईंची गरज कार्यक्रमागणिक वाढत गेली. सुरुवातीला त्या फक्त गोठा पडलेल्या होत्या. माघापर्यंत खऱ्या अर्थानं गरजू झाल्या. एखाद्या व्यक्तीचा एवढ्या थोड्या काळात असा विकास घडवून आणणारी दुसरी संस्था जिल्ह्यात नसेल.

"साहेब, पत्रं कवा घालायचं?" त्या अधूनमधून विचारत.

"समारोपाला. पाहुण्यांच्या हस्ते निधी मिळेल."

"समारोप कवा?"

"पाहुण्यांनी तारीख दिली की."

चैत्रात मंडळ कोडोलीला गेलं. गावच्या जत्रेत कार्यक्रम होता. कोडोली म्हणजे अंबूबाईंचं माहेर. त्या आदल्या दिवशी बाळासोंना म्हणाल्या, "तेवढ्या एका गावाला मला नगा नेऊ. न्हाईतर हिरवं लुगडं तरी नेसू द्या." बाळासोंनी समजावलं की एका गावासाठी धोरण बदललं तर बाकीच्या गावांवर अन्याय होईल.

त्या रात्री माणूस मावत नव्हता. अंबूबाई खुर्चीत मान खाली घालून बसल्या. पुढच्या रांगेत त्यांच्याबरोबर गुरं राखलेल्या बाया बसल्या होत्या आणि एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. बाळासो उठले, 'निराधार अबला' म्हणाले, आणि गर्दीतून एक पटका उभा राहिला.

"ए, थांब! निराधार कोन म्हनला रं?"

तो आकाराम होता, अंबूबाईंचा धाकटा भाऊ.

"मी हिचा सख्खा भाऊ हाय! जित्ता हाय! तीन एकर ऊस हाय माजा! माज्या अक्काला फाटकं नेसवून बसवलाईसा व्हय रं?"

अशा प्रसंगी काय करावं हे मंडळाच्या घटनेत नव्हतं. पण शालूबाई अनुभवी. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि चौतीस जणांनी एकदम पुढचं गाणं सुरू केलं. समूहगानाचा हा मोठा गुण आहे. ते चालू असताना एकट्यादुकट्याचं काही ऐकू येत नाही.

कार्यक्रम संपल्यावर आकारामनं बहिणीला मंडपामागं गाठलं.

"अक्का, गोठा पडला त्ये मला का सांगिटलं न्हाईस?"

"तुज्या पोरीचं लगीन हुतं. तुला कशाला खर्चात घालू?" अंबूबाई म्हणाल्या. "आनि ही शानी मान्सं म्हनली, आमी बांधतो."

"सा म्हैनं झालं, काय बांधलं?"

अंबूबाईंनी हातातल्या शालीकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांचे डोळे भरून आले. मंडळाचं दुर्दैव असं की त्या वेळी प्रेक्षक घरी गेले होते.

परतीच्या टेंपोत सगळे सभासद गात होते. टेंपोतून उतरताना अंबूबाईंनी मंडपामागंच बदललेलं जुनेर घडी करून शालूबाईंच्या हातात दिलं. "धुवून द्यायला पायजे हुतं," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात आकाराम बैलगाडीतून वासे घेऊन आला. शाली आणि नारळ अंबूबाईंनी हारतुऱ्याच्या दुकानात विकले. (दुकानदारानं ते लगेच ओळखले. मंडळाला तोच पुरवायचा.) त्यातून जुने पत्रे आले. ख्वाजा मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही. जेवण मात्र घेतलं, आणि तांबडा रस्सा तीनदा मागून घेतला. भिताड शेजारच्या बायांनी लिंपलं. या सगळ्या कामात कुणीही भाषण केलं नाही, त्यामुळं ते दोन दिवसांत उरकलं. वैशाखाच्या शेवटी म्हस व्याली. रेडी झाली. अंबूबाईंनी गल्लीत खरवस वाटला.

आणि मग पाहुण्यांची तारीख आली. मृगानंतरचा दुसरा रविवार. पाहुणे आधी बावड्याला येऊन पडका गोठा डोळ्यांनी पाहणार, तिथं फोटो निघणार, मग नाट्यगृहात समारोप. बाळासो जागेची पाहणी करायला आले आणि गोठ्यासमोर थबकले.

"अंबूबाई! हे काय केलंत?"

"गोठा बांधला."

"कुणाला विचारून?"

"म्हशीला," अंबूबाई म्हणाल्या.

बाळासो दगडावर बसले. पाणी प्यायले. मग त्यांनी समंजस मार्ग काढला. "हे पाहा, पाचच पत्रे काढू. एक दिवसासाठी. पाहुणे गेले की मंडळ स्वखर्चानं परत बसवेल. तसा ठराव करून देतो."

आतून ख्वाजा मिस्त्री हातोडी घेऊनच बाहेर आले. अंबूबाईंनी त्यांना हातानं थांबवलं.

"काढा की," त्या शांतपणे म्हणाल्या. "माजं कायबी म्हननं न्हाई. तवर म्हस आनि रेडकू तुमच्या बंगल्यात बांधतो. तुमचा हॉल मोटा हाय. फरशी हाय, धुवायला बी बरी."

बाळासो घाबरले की त्यांची विमा कचेरीतली भाषा सुटून गावाकडची बाहेर यायची. "आवो, असं कसं म्हनता? घरात पडदं हाईत, सोफा हाय!"

"म्हस सोफ्यावर बसत न्हाई वो," अंबूबाईंनी धीर दिला.

तातडीच्या बैठकीत बराच खल झाला. लाभार्थीनं परस्पर सुखी होऊन मंडळाचा विश्वासघात केला, असा निषेधाचा ठराव झाला. गोठ्याची भेट पावसाच्या नावावर रद्द झाली. प्रश्न उरला खुर्चीचा. पाहुणे येणार, तिकिटं खपलेली, आणि खुर्ची रिकामी. शेवटी शालूबाईंनी मागच्या रांगेतल्या वत्सलाबाई कुंभोजकरांकडं बोट केलं. बँक मॅनेजरांची बायको. मंडळाच्या स्थापनेपासून त्या प्रत्येक कार्यक्रमाला हजर, पण आवाज घोगरा. 'तुम्ही नुसतं तोंड हलवा' अशी शालूबाईंची त्यांना कायमची सूचना होती. त्यांनी जुनेर नेसावं असं ठरलं.

समारोपाला अंबूबाई स्वतः तिकीट काढून गेल्या. हिरवं इरकल नेसून, कुलसुमला बरोबर घेऊन, मधल्या रांगेत. पाच-सहा महिने कडेला बसून त्यांनी गाणी ऐकली होती, ती एकदा समोरून कशी दिसतात ते त्यांना पाहायचं होतं.

बाळासोंनी घसा खाकरून सांगितलं, "या पाहा, अंबूबाई!" कुलसुमनं त्यांना चिमटा काढला. अंबूबाई पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. वत्सलाबाई उठल्या, नमस्काराला हात जोडले, आणि तशाच उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या पुढं आल्या होत्या, उजेडात, आणि सगळा हॉल त्यांच्याकडं पाहत होता. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. थांबेनात. पाहुण्यांनी चष्मा पुसला.

अंबूबाईंचं हसू हळूहळू मावळलं. मदतीचा डबा रांगेतून फिरत आला तशी त्यांनी कनवटीची गाठ सोडली आणि त्यात रुपया टाकला.

"अगं, अंबूबाई तूच न्हवं का?" कुलसुम कुजबुजली.

"व्हय. पर ती बाई खरंच रडाय लागलीया की. मी कुठं अशी रडलो हुतो?"

त्या दिवशीचा निधी आजवरचा विक्रमी ठरला. पात्र गरजू मिळेपर्यंत तो बँकेत सुरक्षित ठेवण्यात आला असून, त्यावर नियमित व्याज जमा होत आहे.

इथवर वाचताना तुम्हाला बाळासोंचा राग आला असेल, अंबूबाईंबद्दल कळवळा वाटला असेल. वत्सलाबाई रडल्या तिथं कदाचित घशात काही आलंही असेल. चांगलं आहे. हे सगळं तुम्हाला बसल्या जागी, पंख्याखाली, कुणाच्या गोठ्याकडं न फिरकता वाटलं. मंडळाच्या सभासदत्वाला एवढीच पात्रता लागते, सुराची अट नाही. तालीम दर गुरुवारी सहाला असते.