अडकलेलं बेअरिंग आणि आराबाची केंकी

“तीन वाजता गाडी चालू झाली नाही, तर बादू हे नाव सोडून देईन!”

सुआमेच्या गॅरेजवस्तीत बादू मास्टर अशा प्रतिज्ञा रोज करायचा, पण आज समोर आराबा होती. आराबा त्याच्या शेडसमोर केंकी विकायची, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे, पानात गुंडाळून उकडलेले गोळे. या बाईपायी बादू दोन वर्षं झुरत होता आणि रोज न चुकता तीन केंकी घेत होता. आज तिच्याच गाडीचा गिअरबॉक्स खाली उतरवलेला होता. संध्याकाळी एजिसू गावी तिच्या भाचीचं लग्न, आणि जेवणाला दोनशे केंकी पोचवायच्या होत्या.

“वेळेत द्या गाडी, मास्टर,” आराबा म्हणाली. “मग दोन वर्षं काय मनात ठेवून बसलायत, तेही ऐकून घेईन.”

बादूच्या छातीत इंजिन सुरू झालं!

आता फक्त पायलट बेअरिंग बदललं की गिअरबॉक्स वर. इंजिनाच्या क्रँकला टोकाशी भोक असतं, त्यात हे अंगठीपेक्षा जरा मोठं बेअरिंग बसतं आणि गिअरबॉक्सच्या दांड्याचं नाक त्यात फिरतं. जुनं काढायचं, नवं ठोकायचं. पाच मिनिटांचं काम!

जुनं बेअरिंग मात्र रुसलेल्या जावयासारखं हलेना. बादूनं भोकात ग्रीस भरलं, वर सळई धरली आणि हातोडा हाणला. मागून दाब बसला की बेअरिंग बाहेर येतं. बाहेर आलं ते ग्रीस, थेट बादूच्या तोंडावर! घड्याळात बारा वाजले होते आणि बादूचेही.

“अडोमाको!” तो गाडीखालूनच शेजारच्या फिटरला ओरडला. “आराबाची केंकी आण! तिच्याइतकं घट्ट दुसरं काही नाही!”

अडोमाकोच्या पोटात काही राहत नसे. केंकी आणता आणता त्यानं हे टायरवाल्याला सांगितलं, टायरवाल्यानं वेल्डरला, आणि आराबाच्या कानावर गेलं तोवर तिच्या केंकीनं लोखंड फुटायला लागलं होतं. ती पळी घेऊनच आली.

“बाहेर या! माझी केंकी दगड झाली काय?”

“तसं नाही हो! ग्रीस पळालं, तुमची केंकी पळणार नाही, एवढंच म्हणालो!”

“म्हणजे घशाखालीही उतरणार नाही?”

“अहो, स्तुती होती ती!”

आराबानं वाकून बादूनं भोकात कोंबलेली केंकी पाहिली. “ही काय भरायची पद्धत? सरका!” तिनं कापड कमरेला खोचलं, गाडीखाली शिरली आणि अंगठ्यानं दाबदाबून भोक गच्च भरलं. “हाणा आता!”

एक घाव. दोन. तिसऱ्याला बेअरिंग टुणकन बाहेर उडालं, मागे केंकीचं शेपूट घेऊन! सगळी शेड ओरडली. बादूनं भोक पुसून नवं बेअरिंग हलक्या हातानं ठोकून बसवलं. चौघांनी गिअरबॉक्स उचलला आणि दांडा पहिल्याच धक्क्याला आत सरकला. पावणेतीनला गाडी सुरू!

“बोला आता,” आराबा हसत म्हणाली. “पण आधी सांगा, केंकी इतकी घट्ट बसते हे सुचलं कसं?”

बादू हवेत होता. “सुचलं कसलं, अनुभव आहे! या छपराच्या पत्र्याची बावीस भोकं तुमच्याच केंकीनं बुजवलीत. दोन पावसाळे थेंब गळला नाही!”

अडोमाकोनं कपाळावर हात मारला.

आराबानं वर पत्र्याकडे पाहिलं. “भोकं बावीस. आणि बाकीच्या केंकी?”

“कुत्र्याला,” बादू पुटपुटला. “माझं पोट फुफूचं, कुटलेल्या कंदाच्या मऊ गोळ्याचं, आराबाबाई. आंबट सोसत नाही. पण काही न घेता तुमच्याशी बोलणार कसा? मला केंकी नको होती हो, तुम्ही हव्या होतात.”

आराबानं टोपलीतली एक केंकी सोलली, मिरचीच्या ठेच्यात बुडवली आणि त्याच्या हातावर ठेवली.

“खा. माझ्यासमोर.”

दोन वर्षांत पहिल्यांदाच बादूनं आराबाची केंकी खाल्ली.

“अगं बाई, ही तर चांगली लागते!” आश्चर्यानं तो बायकांसारखं बोलून गेला.

आराबाला हसू आवरेना. “बसा गाडीत. लग्नात तुमची ओळख करून देते. चाळीस नातेवाईक आहेत माझे, प्रत्येक जण एकेक केंकी आग्रहानं वाढणार. एकालाही नाही म्हणालात, तर आपलं लग्न विसरा!”

बादूनं कमरेचा पट्टा सैल केला आणि गाडीत चढला.