पाच झाडं आणि शिवणाची खोली

वीजबिलांच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कना सगळे तुफानराव म्हणत, कारण त्यांना दम म्हणून कसा तो नव्हताच. (बायको काहीच म्हणत नसे, नुसती बघे. ते जास्त लागे.)

एकदा जेवताना त्यांच्या भाजीत हिरवा दोरा निघाला. बायको कपडे शिवायची आणि मशीन असायचं स्वयंपाकघरात. तुफानराव घास तसाच टाकून उठले.

"तुला मागे अंगणात खोली बांधून देतो. मोठी खिडकी, कपाट, सगळं."

"खरंच? कापड बेतायला जमीन पुरत नाही हो मला." तिचा चेहरा असा काही खुलला की तुफानराव दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेत हजर झाले.

परवानगी देणाऱ्या बाई म्हणाल्या, "नियमाप्रमाणे आधी प्लॉटवर पाच झाडं लावा. ती जगलेली बघितली की परवानगी."

"एवढंच ना?" तुफानराव रोपं घेऊनच घरी आले. तीही सगळ्यांत झपाट्याने वाढणारी. पुढे फरशी, बाजूला पाण्याची टाकी. माती होती ती फक्त खोलीच्या जागेवर.

"अहो, इथे तर खोली येणार ना?"

"तेव्हा उपटून दुसरीकडे लावू. आधी परवानगी तर पदरात पडू दे."

मग काय, सकाळी खत, संध्याकाळी पाणी. नवं पान फुटलं की सगळ्या ऑफिसला बातमी. नगरपालिका आपल्या चालीने चालली होती, झाडं मात्र तुफानरावांच्या. बाई पाहणीला आल्या तेव्हा शेंडे छपराच्या वर गेले होते.

बाईंनी कौतुकाने बुंध्यांना टेप लावली. "परवानगी दिली. फक्त झाडांना हात लावायचा नाही, झाडांखाली काही उभारायचं नाही. एवढ्या जाडीचं झाड काढता येत नाही."

"मग खोली कुठे बांधू?"

"झाडं सोडून कुठेही."

"झाडं सोडून जागाच नाही हो."

"मग काढायचा अर्ज करा. एका झाडामागे पाच नवीन लावायची. याच प्लॉटवर."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बायकोचे भरलेले डोळे बघून तुफानरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दुपारी त्यांनी मशीन स्वतः उचलून बाहेरच्या खोलीत, आपल्या आवडत्या खिडकीशी मांडलं, आणि आपली आरामखुर्ची मागे झाडांखाली नेली. बायको गुणगुणत कापड बेतू लागली. तुफानराव सावलीत घोरू लागले.

पुढे बाई झाडं तपासायला पुन्हा आल्या आणि तुफानराव घोरत पडलेल्या खुर्चीपाशी थबकल्या.

"झाडांखाली काही उभारायचं नाही, सांगितलं होतं ना? हे काय?"

बायको कात्री हातात घेऊन मागल्या दारात आली.

"ते जुनं बांधकाम आहे, बाई. नियम यायच्या आधीचं. पाडता येत नाही म्हणून ठेवून घेतलंय."