पुढं म्हैस हाय

इंदाक्का एस.टी.त चढल्या की ड्रायव्हरची खैर नसे. बसायच्या त्या नेमक्या त्याच्या मागच्या बाकावर, आणि गाडी स्टँडातून बाहेर पडते न पडते तोच रस्त्यावर जे जे दिसेल ते मोठ्यानं सांगायला लागायच्या. "पुढं म्हैस हाय. डावीकडं सायकल. बाई चाललीया, कडंवर पोर हाय. खड्डा. आनि योक खड्डा."

त्यांची माझी पहिली गाठ अशीच पडली, सातारा-सांगली गाडीत. बँकेनं माझी सांगलीला बदली केली होती, वळकटी घेऊन मी त्यांच्या मागच्या बाकावर बसलो होतो. मी मुळातला भित्रा. एस.टी.त पुढच्या दांडीला धरून बसणाऱ्यांतला. त्यात या बाई एकेक संकट नाव घेऊन पुकारत होत्या. कराड येईपर्यंत माझ्या हाताला घाम फुटला होता. कराडच्या पुढं ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली, मागं वळून हात जोडले आणि म्हणाला, "आक्का, म्हशी मलाबी दिसत्यात. न्हाईतर असं करा, तुमीच या हितं."

गाडी हसली. बाई हसल्या नाहीत. "रस्ता कुनाचा सोयरा न्हाई, बाबा," एवढंच म्हणाल्या आणि पेठ नाका यायच्या आत पुन्हा सुरू झाल्या.

त्यांच्या शेजारी खिडकीला एक उंच म्हातारा बसला होता. काळा चष्मा, पांढऱ्या मिशा, ताठ पाठ. सगळी गाडी त्याच्याकडं बघत होती, की बाबा, आता तरी बायकोला आवर. तो मान किंचित कलती करून बसून होता, रेडिओवरच्या बातम्या ऐकत असल्यासारखा.

पुढं आठवड्यानं बँकेतल्या शिपायानं मला एक खोली दाखवायला नेलं, तर घरमालकीण म्हणून याच बाई दारात उभ्या. म्हातारा त्यांचा नवरा. लष्करात जन्मभर गाड्या चालवून सुभेदार होऊन परतलेला. गल्ली त्यांना सुभेदार म्हणे, बाईंना इंदाक्का. अंगणात कडुलिंबाखाली एक जुनी जीप उभी होती. रोज सकाळी सुभेदार ती पुसत. फडकं एका हातात, आणि दुसरा हात पत्र्यावरून हळूहळू फिरवत जात. माझ्या आजोबांनी बैलाला इतकं प्रेमानं पुसलेलं मी पाहिलं नव्हतं.

इंदाक्कांइतकी घाबरट बाई मात्र मी जन्मात पाहिली नाही. गॅस बंद केल्याची खात्री तीनदा करायच्या. वीज चमकली की आरसा झाकायच्या. टेम्पो दिसला की गटार ओलांडून पलीकडं जायच्या. माहेर शिराळ्याचं, जिथं नागपंचमीला जिवंत नाग पुजतात, तेव्हा नागांना भीत असाल, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाल्या, "नागाला काय भ्यायचं? त्यो फणा काढून सांगतो तरी. टेम्पोवाला सांगून वळतोय व्हय?"

अशा बाईनं मोटार चालवायला शिकायचं ठरवलं. कारण झालं ते जतच्या वाटेवरच्या मेंढरांचं.

सुभेदारांचा पलटणीतला एक मित्र जतकडं राहायचा. त्याच्या घरी नातवाचं बारसं होतं, आणि रविवारी बँकेला सुट्टी म्हणून मलाही जीपमध्ये मागं घातलं. सुभेदार चालवत होते, शेजारी इंदाक्का, आणि तोंड चालू. "वळण हाय उजवीकडं. बैलगाडी. जावा आता पुढनं, मोकळं हाय." मला सुभेदारांची कीव आली. जन्मभर लडाखच्या कड्यांवरून ट्रक नेलेल्या माणसाला ही बाई खड्डे शिकवते, आणि तो एका शब्दानं चिडत नाही.

कवठे महांकाळ मागं पडलं. रस्ता उघडा-बोडका, दोन्हीकडं वाळली ज्वारी. समोरून पाण्याचा टँकर धुरळा उडवत गेला आणि इंदाक्कांना ठसका लागला. तेवढा क्षणभरच त्या गप्प होत्या. धुरळ्यातून मला रस्ताभर पसरलेली मेंढरं दिसली, काठी उंच करून ओरडणारा धनगर दिसला, आणि जीप होती त्याच वेगानं सरळ त्यांच्यावर चालली होती. मला ओरडायचं होतं, पण मी दांडी तेवढी घट्ट धरली. "मेंढरं!" इंदाक्का किंचाळल्या. ब्रेक लागला. माझं कपाळ पुढच्या बाकावर आदळलं.

बंपरखालून एक कोकरू निघालं, अंग झाडलं आणि आईकडं पळालं. सुभेदार खाली उतरले. "लागलं का कुनाला?" ते विचारत होते. कोकरू त्यांच्या समोरूनच गेलं होतं. पण माझी मलाच शुद्ध नव्हती, त्या प्रश्नाचा विचार मी तेव्हा केला नाही. परतताना मित्राचा पुतण्या जीप चालवत आमच्याबरोबर आला, आणि त्या दिवसापासून जीपवर ताडपत्री पडली.

पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाचं पत्र आलं. वय झालं, हौस पुरे, दिवाळीला येतो आणि गाडीचं गिऱ्हाईक बघतो. सुभेदार सकाळी उठून ताडपत्री काढायचे, जीप पुसायचे आणि परत झाकायचे. आठ दिवसांत त्यांची जेवणावरची वासना उडाली. इंदाक्का जिना चढून माझ्या खोलीत आल्या आणि एका साप्ताहिकाचं मागचं पान माझ्यापुढं धरलं. घरबसल्या मोटार ड्रायव्हिंग शिका, टपालानं बारा पाठ, शेवटी प्रमाणपत्र.

"गाडी इकली तर ह्ये हात कशावर ठिवतील?" त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या आत मला लायसन पायजे. तुमी लिवा, मी सांगते."

मला वाटलं, कराडच्या त्या ड्रायव्हरचं बोलणं बाईंनी मनावर घेतलं.

पुण्याहून दर पंधरवड्याला दोन पाठ यायचे, सोबत प्रश्नपत्रिका. संध्याकाळी मी मोठ्यानं वाचायचो आणि इंदाक्का स्वयंपाकघरात पाटावर बसून गाडी चालवायच्या. हातात परात, म्हणजे स्टिअरिंग. पायाशी डब्यांची तीन झाकणं, म्हणजे क्लच, ब्रेक, अॅक्सिलरेटर. लाटणं म्हणजे गिअर. एकदा दूध उतू जाताना दिसलं तर बाईंनी आधी ब्रेकचं झाकण दाबलं आणि मग गॅस बंद केला. गल्लीतून पिठाच्या गिरणीला जाताना वळणावर उजवा हात बाहेर काढायच्या, आणि मागचा दूधवाला सायकलवरून उतरून उभा राहायचा. गल्लीतली पोरं त्यांना बघून हॉर्न वाजवायची. त्यांना बाजू देऊन मगच त्या पुढं जायच्या.

उत्तरांवरून आमचं रोज वाजायचं. रस्त्यात गाय बसली असल्यास चालकानं काय करावं? "गाय कुनाची हाय त्यावर हाय. गवळ्याची असली तर हाकलावी, देवाला सोडल्याली असली तर थांबावं." मी लिहिलं, वाहन थांबवून जनावरास वाट द्यावी. समोरच्या वाहनानं दिवे मंद न केल्यास? त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी लिहिलं नाही. पुण्याहून तपासून आलेल्या कागदावर लाल शाईत 'छान' असा शेरा होता. तो त्यांनी पिठाच्या डब्याच्या वर भिंतीला चिकटवला.

नववा पाठ चालकाच्या प्रकृतीवर होता. मी प्रश्न वाचला. चालकाची दृष्टी अधू झाली असल्यास त्यानं वाहन चालवावं का? थोडक्यात लिहा.

परात फिरायची थांबली. मी वर बघितलं तर बाई उंबऱ्यापलीकडं बघत होत्या. तिकडं ओसरीवर सुभेदार मांडीवर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. ते उलटं होतं.

"लिवा," इंदाक्का म्हणाल्या, "न्हाई म्हनून."

मी लिहिलं.

"तुमी एस.टी.त भेटला, त्या दिशी साताऱ्याच्या डोळ्याच्या डाक्टरकडनं येत व्हतो आमी. नळीतनं बघितल्यावानी दिसतंया ह्यास्नी, आनि ती नळीबी बारीक व्हत चाललीया. चष्म्यानं काय व्हनार न्हाई म्हनला. गाडीला हात लावू नगा म्हनला. मला समदं कळलं व्हतं. पर ह्यांच्या हातातनं चावी काढून घ्यायची माझी छाती झाली न्हाई. म्हनलं, मी हाय की शेजारी. माझ्या डोळ्यानं चालवत्याल." त्यांनी परात खाली ठेवली. "त्या मेंढरांत एखादं पोर असतं तर, वं?"

आपण त्या जीपमध्ये मागं बसलो होतो, याची भीती मला त्या दिवशी खरी वाटली. रागही आला, दोघांचाही. पण समोर पाटावर बसलेल्या बाईचे पाय अजून तीन झाकणांवर तसेच होते. "लय भ्या वाटतंया मला रस्त्याचं," त्या म्हणाल्या. "पर ह्यांनी चालवायच्या भ्यापरीस माझं भ्या बरं." मुलाला, गल्लीला कुणालाही यातलं काही सांगायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. पुढचा प्रश्न मी वाचला.

बारा पाठ झाले, प्रमाणपत्र आलं. मग कच्चं लायसन, आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांबरोबर मोकळ्या मैदानात महिनाभर सराव. मास्तर मला भेटले की आधी कपाळाला हात लावायचे. बाईंना सगळं येतं, पण समोर पाखरू बसलं तरी गाडी बंद पाडतात, अशी त्यांची तक्रार होती. रात्री झोपेत त्या "ब्रेक, ब्रेक" ओरडतात, असं सुभेदारांनीच मला सांगितलं.

दिवाळी आठ दिवसांवर आली असताना आरटीओची परीक्षा लागली. मैदानाच्या कडेला भिंतीशी मी आणि सुभेदार उभे राहिलो. इंदाक्का जीपमध्ये चढल्या, शेजारी कागद घेऊन परीक्षक साहेब. सुभेदारांनी माझं मनगट धरलं. "सांगा," ते म्हणाले. "काय काय व्हतंय ते सांगा."

मला ते जमेना. मी म्हणालो, निघाली. मी म्हणालो, वळली. काय वळली, कशी वळली, किती वळली, हे शब्दांत आणीपर्यंत जीप पुढं गेलेली असायची. माझ्यापेक्षा सुभेदारांनाच कानानं जास्त कळत होतं. "दुसऱ्यात टाकली. क्लच लय दाबून धरलाय. सोड गं, सोड." तेवढ्यात इंजिनाचा आवाज एका जागी थांबला आणि माझ्या मनगटात त्यांची नखं रुतली. "का थांबली?"

मैदानाच्या मधोमध एक कुत्रं आडवं पसरलं होतं. इंदाक्कांनी गाडी उभी केली होती, हात बाहेर काढून मागच्यांना थांबायची खूण केली होती, आणि मागं तर कुणीच नव्हतं. साहेब काहीतरी म्हणत होते. बाई हलत नव्हत्या. कुत्रं जांभई देऊन उठलं, अंग ताणलं आणि सावकाश भिंतीकडं गेलं. मी हे सगळं सुभेदारांना जसंच्या तसं सांगितलं, कुत्र्याच्या जांभईसकट. तेवढं एक मला नीट सांगता आलं.

मग जीप आठाचा आकडा काढून, मागं येऊन, आमच्यापासून दहा पावलांवर थांबली. साहेब उतरले. त्यांनी रुमालानं मान पुसली आणि मला विचारलं की बाई सगळा वेळ मोठ्यानं बोलतात ते कशासाठी. मनात म्हणा, असं त्यांनी सांगून पाहिलं होतं, तर मनात म्हटलं की पाय चालत नाहीत, असं उत्तर मिळालं होतं. एवढं बोलून त्यांनी कागदावर सही केली.

दिवाळीला मुलगा आला आणि जीप न विकता परत गेला. आईच्या लायसनवरचा फोटो बघून तो बराच वेळ हसला. वडिलांकडं त्यानं नीट बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

भाऊबीज झाल्यावर एका सकाळी इंदाक्कांनी मला हाक मारली. ताडपत्री निघाली होती. त्या चालवायला, सुभेदार शेजारी, मी माझ्या जुन्या जागेवर मागं, दांडीला धरून. सायकली आमच्या पुढं जात होत्या. माधवनगरच्या पुढं रस्ता मोकळा झाला आणि बाईंचं तोंड सुरू झालं. "डावीकडं ऊस हाय, तुऱ्याला आलाय. पुढं म्हैस हाय."

माझी भीती जरा कमी झाली होती, म्हणून चेष्टा करावीशी वाटली. मी म्हणालो, "आक्का, आता तुम्हीच चालवताय की. सांगताय कुणाला?"

त्यांनी मागं बघितलं नाही. नजर रस्त्यावरून काढायची नाही, हा दुसरा पाठ.

सुभेदारांनी मान किंचित कलती केली होती, त्या दिवशी एस.टी.त केली होती तशी. माझ्या तेव्हा ध्यानात आलं, की त्या दिवशीही बाई ड्रायव्हरला काही सांगत नव्हत्या.

"कुनाची म्हैस?" सुभेदारांनी विचारलं.

"कुनाची काय ठावं. शिंगं रंगिवल्याली हायती."

"कसल्या रंगानं?"

इंदाक्कांनी गाडी हळू केली, म्हैस शेजारून जाईपर्यंत तिच्याकडं बारकाईनं बघितलं आणि म्हणाल्या, "योक हिरवं, योक तांबडं."

"आसं," सुभेदार म्हणाले, आणि पुढचं ऐकायला सरसावून बसले.